बीआयएम म्हणजे काय? इमारतीची ‘माहिती’ मागायला सरकारं का लागली आणि ग्रेनफेल टॉवरने काय दाखवून दिलं

स्लॅब भरून झालाय. प्लास्टरही झालंय. एसीवाल्याची माणसं डक्ट चढवायला येतात आणि लक्षात येतं, की नकाशात डक्ट जिथून जायला हवा नेमका तिथेच बीम आलाय. आर्किटेक्टच्या नकाशात हा बीम कमी खोलीचा आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशात जास्त. आपापल्या कागदावर दोघंही बरोबर. मग डक्ट वळवा, फॉल्स सीलिंग खाली आणा, नाहीतर कोअर कटिंगवाल्याला बोलवा. हा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. शेवटी तो ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून बिलात येतो आणि इमारत ज्याची आहे त्याच्या माथी बसतो.

असे घोटाळे कागदावरच, म्हणजे खरं तर कॉम्प्युटरवरच पकडता यावेत यासाठी जगभरात जी पद्धत वापरली जाते, तिचं नाव बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात बीआयएम. सोशल मीडियावर बीआयएम म्हटलं की फिरणाऱ्या थ्रीडी इमारतींचे चकचकीत व्हिडिओ दिसतात. पण या तीन शब्दांतला महत्त्वाचा शब्द मधला आहे: इन्फर्मेशन, माहिती. अनेक देशांच्या सरकारांनी बीआयएम सक्तीचं केलं, तेही चित्रांसाठी नाही, तर माहितीसाठी.

रेषा आणि भिंत यातला फरक

नेहमीच्या कॅड नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. ती भिंत आहे हे बघणाऱ्याला कळतं, कॉम्प्युटरला नाही. त्याच्या लेखी त्या फक्त रेषा. प्लॅनमध्ये भिंत सरकवली तर सेक्शनमध्ये आणि एलिव्हेशनमध्ये ती पुन्हा हाताने सरकवावी लागते. एखाद्या शीटवर ती सरकवायची राहून जाते आणि साइटवर नेमकी तीच शीट पोहोचते.

बीआयएममध्ये काढायची ती रेषा नसते, वस्तू असते. भिंत म्हणजे भिंतच: तिची जाडी, उंची, कशाची बांधली, आग किती वेळ रोखेल, ही सगळी माहिती तिला चिकटलेली. दरवाजा म्हटला की त्याची रुंदी, बिजागऱ्या, बनवणारी कंपनी, मॉडेल नंबर, वॉरंटी कधी संपते, हेही आलं. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन ही एकाच मॉडेलची वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारी रूपं. एका ठिकाणी बदल केला की सगळीकडे होतो. दरवाज्यांची यादी किंवा काँक्रीटचं प्रमाण वेगळं मोजावं लागत नाही, मॉडेलमधूनच निघतं.

आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकलवाले आपापली मॉडेलं बनवतात आणि ती एकमेकांवर ठेवून बघितली जातात. डक्ट बीममध्ये घुसत असेल तर सॉफ्टवेअर ती जागा दाखवतं. याला क्लॅश डिटेक्शन म्हणतात. मॉडेलला कामाचं वेळापत्रक जोडलं की ते ‘फोर-डी’, खर्च जोडला की ‘फाइव्ह-डी’. त्यापुढच्या सहाव्या, सातव्या मितीही बाजारात विकल्या जातात, पण त्यांचा अर्थ काय यावर विकणाऱ्यांचंच एकमत नाही.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतले प्राध्यापक चक ईस्टमन यांनी १९७० च्या दशकात इमारतीचं असं वर्णन कॉम्प्युटरमध्ये साठवायची पद्धत मांडली होती. हंगेरीच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचं आर्किकॅड १९८० च्या दशकात आलं. ऑटोडेस्कने २००२ मध्ये रेविट ही कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर बीआयएम हे नाव सगळीकडे पसरलं.

सॉफ्टवेअर होतं, मग अडलं कुठे?

अडलं ते पैशाच्या वाटणीत. चांगलं मॉडेल बनवायला जास्तीचे तास लागतात आर्किटेक्टला आणि इंजिनिअरला. त्यातून वाचणारा पैसा मात्र मुख्यतः कंत्राटदाराचा आणि मालकाचा. आपली फी तेवढीच राहणार असेल तर दुसऱ्याच्या फायद्यासाठी राबणार कोण? त्यात बांधकाम हा धंदाच तुकड्यातुकड्यांचा. प्रत्येक प्रकल्पात नवी टीम जमते आणि काम संपलं की पांगते. यंदा सोबत असलेला प्लंबिंगचा ठेकेदार पुढच्या साइटवर नसतो. एकट्याने बीआयएम शिकून फारसा उपयोग नाही, सगळ्यांनी एकदम शिकलं तरच त्याला अर्थ.

सगळ्यांना एकदम शिकायला लावू शकतो फक्त पैसे देणारा मालक. आणि बहुतेक देशांत इमारतींचा, पुलांचा, हॉस्पिटलांचा सर्वांत मोठा मालक सरकार असतं. म्हणून बीआयएमच्या देशव्यापी प्रसाराची गोष्ट ही सॉफ्टवेअर कंपन्यांपेक्षा सरकारी टेंडरांची गोष्ट आहे.

डेन्मार्क आणि फिनलंड यांनी २००७ मध्येच सरकारी इमारतींसाठी अशी मॉडेलं मागायला सुरुवात केली. सिंगापूरने वेगळी वाट धरली. तिथे बांधकाम परवानगीच बीआयएमवर नेली गेली. २०१३ मध्ये २०,००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींच्या आर्किटेक्चरल नकाशांसाठी आणि २०१५ पर्यंत ५,००० चौरस मीटरच्या वरच्या सगळ्या नव्या प्रकल्पांसाठी मॉडेल सादर करणं सक्तीचं झालं. सोबत सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षणासाठी सरकारी निधीही दिला गेला. पण त्यातून एक पळवाटही निघाली. काही कार्यालयं नेहमीसारखे नकाशे आधी काढायची आणि परवानगीपुरतं मॉडेल मागाहून करून द्यायची. नियम पाळला जायचा, पण डक्ट आणि बीमचं भांडण साइटवरच व्हायचं.

ब्रिटनने काय केलं?

सर्वांत जास्त चर्चा झाली ती ब्रिटनच्या प्रयोगाची. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर सरकारला खर्चाला कात्री लावायची होती. बांधकाम उद्योगाच्या एकूण उलाढालीत सरकारी कामांचा वाटा सुमारे ४० टक्के होता. मे २०११ मध्ये कॅबिनेट ऑफिसने सरकारी बांधकामाचं धोरण जाहीर केलं. सरकारी बांधकामांचा खर्च २० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा हे त्यातलं उद्दिष्ट होतं. आणि त्यात एक अट होती: २०१६ पर्यंत केंद्रीय खात्यांच्या प्रकल्पांवर एकत्रित थ्रीडी बीआयएम वापरलंच पाहिजे आणि प्रकल्पाची सगळी माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळाली पाहिजे.

यातली पाच वर्षांची मुदत हुशारीची होती. कंपन्यांना तयारीला वेळ मिळाला आणि तारीख ठरलेली असल्याने ‘बघू पुढे’ म्हणायची सोय उरली नाही. सरकारचे तेव्हाचे मुख्य बांधकाम सल्लागार पॉल मॉरेल यांनी या धोरणाला पाठबळ दिलं, तर मार्क ब्यू यांच्या नेतृत्वाखालच्या टास्क ग्रुपने अंमलबजावणीची तयारी केली. ४ एप्रिल २०१६ रोजी सक्ती लागू झाली.

सरकारने ठरावीक सॉफ्टवेअर वापरा असं सांगितलं नाही. ‘लेव्हल टू’ नावाची एक पायरी ठरवली. प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र मॉडेल बनवावं, पण देवाणघेवाण सगळ्यांना उघडता येईल अशा फॉरमॅटमध्ये करावी. त्यासाठी आयएफसी हा खुला फॉरमॅट होता. तो कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही आणि २०१३ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

फॉरमॅटचा प्रश्न किरकोळ वाटत असेल तर विमानांच्या धंद्यातलं एक उदाहरण पुरेसं आहे. एअरबसच्या ए३८० विमानाचे भाग वेगवेगळ्या देशांत डिझाइन होत होते. जर्मनीतली आणि फ्रान्समधली टीम एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होती. हॅम्बुर्गहून आलेल्या वायरींच्या जुड्या तुलूझच्या कारखान्यात विमानात बसवायला घेतल्या तर त्या नीट बसेनात. विमान बरंच लांबलं आणि खर्च अब्जावधींनी वाढला. विमानाच्या कारखान्यात ही गत, तर दर वेळी नवे ठेकेदार येणाऱ्या साइटचं काय होत असेल?

एक्सेलची शीट आणि चार कप्पे

ब्रिटनच्या नियमातल्या दोन गोष्टी दिसायला अगदी रुक्ष आहेत, पण खरी ताकद त्यांच्यातच होती.

पहिली गोष्ट कोबी नावाची याद्यांची पद्धत. मूळ अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरिंग विभागातली. काम संपल्यावर ठेकेदार मालकाला पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलेली मॅन्युअलं देतो, ती तळघरात जातात आणि दोन वर्षांनी पंप बंद पडला की कुणालाच सापडत नाहीत. कोबीमध्ये हीच माहिती एक्सेलसारख्या तक्त्यात भरून द्यायची: कुठल्या मजल्यावर, कुठल्या खोलीत, कुठल्या कंपनीचा पंप, सिरियल नंबर काय, सुटे भाग कोणते. थ्रीडी चित्र नाही, नुसते रकाने. इमारत बांधायला दोन-तीन वर्षं लागतात आणि ती वापरली जाते पन्नास-साठ वर्षं. त्या पन्नास वर्षांत कामाला येतात ते हेच रकाने.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या फाइलींसाठी एकच सामाईक जागा आणि तिच्यात चार कप्पे. अर्धवट काम एका कप्प्यात, इतरांना बघायला दिलेलं दुसऱ्यात, मंजूर होऊन साइटवर वापरायचं तिसऱ्यात, जुनं झालेलं चौथ्यात. ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘फायनल लेटेस्ट’ अशा नावांच्या फाइली व्हॉट्सअॅपवर फिरवून ज्यांनी काम केलंय, त्यांना या कप्प्यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ही शिस्त पुढे १९६५० क्रमांकाच्या आयएसओ मानकात गेली. त्याचे पहिले दोन भाग २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि मुख्यतः ब्रिटिश नियमांवरच बेतलेले होते.

सक्तीचा परिणाम दिसला का? एनबीएस ही ब्रिटिश संस्था दर काही काळाने या क्षेत्रातल्या लोकांची पाहणी करायची. तिच्या २०११ च्या अहवालात बीआयएम वापरणारे १३ टक्के होते आणि ४३ टक्के लोकांनी हे नावही ऐकलेलं नव्हतं. २०२० च्या अहवालात वापरणारे ७३ टक्के झाले. पाहणीत उत्तरं देणारे मुळात या विषयात रस असलेले असतात, हे धरूनही दहा वर्षांतली ही झेप मोठी आहे. खर्चाचं इतकं सरळ नाही. काही सरकारी प्रकल्पांवर बचत झाली, पण त्यातली किती बीआयएममुळे आणि किती मंदीमुळे टेंडरं स्वस्त झाल्याने, हे वेगळं काढणं कठीण आहे.

आणि एक कच्चा दुवा राहिलाच. कोणती माहिती हवी हे मागायचं काम मालकाचं. पण अनेक मालकांना काय मागावं हेच कळत नव्हतं. ‘आम्हाला लेव्हल टू बीआयएम द्या’ एवढं टेंडरमध्ये लिहून ते मोकळे व्हायचे. मग हार्ड डिस्कवर भलंमोठं मॉडेल यायचं आणि ते उघडायला मालकाकडे ना सॉफ्टवेअर असायचं ना माणूस.

ग्रेनफेल: भिंतीवर नेमकं काय लावलंय?

१४ जून २०१७ च्या पहाटे लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली. ७२ जण गेले. १९७० च्या दशकातली ही इमारत स्थानिक कौन्सिलच्या मालकीची होती आणि तिचं नूतनीकरण आदल्याच वर्षी पूर्ण झालं होतं. तेव्हा बाहेरून लावलेल्या अॅल्युमिनियमच्या पॅनेलांच्या आत पॉलिथिलीनचा थर होता. आग त्यातूनच वर चढली. बीआयएमची सक्ती केंद्रीय खात्यांच्या नव्या कामांपुरती होती, त्यामुळे या इमारतीशी तिचा संबंध आला नाही.

चौकशीत आगीइतकीच माहितीची दुरवस्थाही समोर आली. आत शिरणाऱ्या अग्निशमन दलाकडे इमारतीचे अंतर्गत नकाशे नव्हते. आणि आगीनंतरच्या आठवड्यांत सरकारपुढे एक साधा प्रश्न होता: अशीच पॅनेलं देशात आणखी कुठल्या उंच इमारतींवर आहेत? याचं उत्तर देणारी यादीच नव्हती. मालकांनी भिंतीवरून तुकडे कापून प्रयोगशाळेत पाठवले. पुढच्या काळात अशा चारशेहून अधिक उंच इमारती सापडल्या. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी कित्येक महिने, काहींनी वर्षं, भिंतीच्या पलीकडे काय आहे या धास्तीत काढली.

मे २०१८ मध्ये डेम जुडिथ हॅकिट यांचा अहवाल आला. इमारतीच्या डिझाइनपासून ती पाडेपर्यंत माहितीचा एक ‘सोनेरी धागा’ अखंड राहिला पाहिजे, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. काय बांधलं, कशाचं बांधलं, कुणाच्या मंजुरीने बदललं, हे सगळं डिजिटल स्वरूपात आणि जबाबदार व्यक्तीच्या हाती असावं. नव्या इमारतींसाठी त्यांनी बीआयएमचा उल्लेखही केला. २०२२ मध्ये इमारत सुरक्षा कायदा आला आणि इंग्लंडमध्ये किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतींसाठी अशी माहिती राखणं बंधनकारक झालं. कायद्याने बीआयएम सॉफ्टवेअर वापराच असं म्हटलेलं नाही. माहिती इलेक्ट्रॉनिक, अचूक आणि ताजी हवी, एवढं म्हटलंय.

खर्च वाचवायला सुरू झालेली गोष्ट अशी जिवाच्या प्रश्नाशी येऊन भिडली. पण तंत्रज्ञानाची मर्यादाही याच प्रकरणात दिसते. सप्टेंबर २०२४ मधल्या अंतिम चौकशी अहवालाने पॅनेल आणि इन्सुलेशन बनवणाऱ्या कंपन्यांवर, आपल्या मालाच्या अग्निचाचण्यांबाबत अप्रामाणिकपणा केल्याचा ठपका ठेवला. कंपनीने खोटं प्रमाणपत्र दिलं तर मॉडेलमध्ये तेच खोटं भरलं जाईल, फक्त जास्त नीटनेटक्या रकान्यात. मॉडेलमुळे एक गोष्ट मात्र होऊ शकते. खोटं उघडं पडल्यावर तो माल कुठे कुठे लागलाय हे शोधायला भिंती कापाव्या लागणार नाहीत.

भारतात काय परिस्थिती आहे?

सर्व सरकारी बांधकामांना लागू होणारी ब्रिटनसारखी एकच देशव्यापी सक्ती भारतात नाही. वेगवेगळ्या संस्था आपापल्या मोठ्या प्रकल्पांच्या टेंडरमध्ये बीआयएम मागतात. यातलं ठळक उदाहरण महाराष्ट्रातलं: नागपूर मेट्रो. महामेट्रोने या प्रकल्पासाठी ‘फाइव्ह-डी बीआयएम’ वापरलं, म्हणजे थ्रीडी मॉडेल, कामाचं वेळापत्रक आणि खर्चाचा हिशोब एकमेकांना जोडले. मार्च २०१९ मध्ये नागपूर मेट्रोच्या मार्गाचा पहिला भाग प्रवाशांसाठी सुरू झाला.

मेट्रोला हे जमलं यामागे एक कारण आहे. तिथे बांधणारी आणि पुढे वर्षानुवर्षं चालवणारी संस्था एकच असते. सरकत्या जिन्याची मोटर कुठली, हे उद्या तिलाच लागणार असतं. निवासी बांधकामात तसं नाही. बिल्डर बांधतो, विकतो, सोसायटी स्थापन करतो आणि निघून जातो. सोसायटीच्या कपाटात मंजूर नकाशाची झेरॉक्स असली तरी खूप, प्रत्यक्ष जसं बांधलं त्याचा नकाशा क्वचितच. गळती निघाली की प्लंबर भिंत फोडून पाइप शोधतो, कारण दुसरा उपाय नसतो.

सरकारी कामांत अडचण वेगळी आहे. कमीत कमी बोलीला काम, बाबवार दर आणि मोजमाप पुस्तक यांवर ही यंत्रणा उभी आहे. कायद्याच्या दृष्टीने वजन असतं ते सही-शिक्क्याच्या नकाशाला आणि एमबीतल्या नोंदीला. मॉडेल आणि नकाशा यांत फरक निघाला तर खरं काय, हे करारात लिहिलेलं नसेल तर इंजिनिअर कागदावरच भरवसा ठेवणार, आणि त्यात त्याची चूक नाही. डिझाइन एकाचं आणि बांधकाम दुसऱ्याचं असल्याने, नकाशातली विसंगती आधीच पकडून देण्यात ठेकेदाराला फारसा फायदाही नसतो. त्या विसंगतीतूनच तर एक्स्ट्रा आयटम निघतात.

परवानगीच्या बाजूने थोडी सुरुवात जुनी आहे. पुण्यातल्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर ही प्रणाली कॅड नकाशा वाचून एफएसआय, सामासिक अंतरं वगैरे नियमांशी ताडून बघते आणि अनेक महापालिकांनी ती वापरली आहे. पण तिचा आधार नकाशाचा, वस्तूंच्या माहितीचा नाही. भिंत कुठे आहे हे तिला कळतं, भिंतीवर काय लावलंय हे नाही.

दुसरीकडे पुणे, अहमदाबाद, चेन्नई अशा शहरांतल्या कार्यालयांत तरुण इंजिनिअर आणि ड्राफ्ट्समन रोज बीआयएमवरच काम करतात, ते ब्रिटन, अमेरिका आणि आखाती देशांतल्या इमारतींसाठी. आयएसओ १९६५० चे कप्पे, फाइलींची ठरावीक नावं, कोबीचे रकाने त्यांना तोंडपाठ असतात. लंडनमधल्या एखाद्या हॉस्पिटलच्या पंपाचा सिरियल नंबर तक्त्यात भरणारी व्यक्ती संध्याकाळी ज्या सोसायटीत परतते, तिथल्या पाण्याच्या लाइनचा नकाशा मात्र फक्त जुन्या वॉचमनच्या डोक्यात असतो.